मोडलीच नाही ती काडी

लॉ कॉलेजातल्या पोरी हल्ली माझ्या ऑफिसात येतात आणि विचारतात, "बाई, नवरा-बायकोच्या दाव्यांत वकिली करायची तर काय काय यावं लागतं?" त्यांना वाटतं, मी कपाटातून एखादं पुस्तक काढून देईन. कायदा काय, चार पातळ पुस्तकांत मावतो. मी त्यांना सांगते, आधी रडणाऱ्या बाईला तारखा विचारायला शिका. लग्न कधी, पोर कधी, पहिला मार कधी, घराबाहेर कधी काढलं. ती तोंडात पदराचा बोळा धरून हुंदके देत असते आणि आपण पेन उघडून म्हणायचं, "थांबा, होळीच्या आधी की नंतर?" हे जिला जमत नाही तिनं खुशाल बँकेत नोकरी धरावी. पोरी हसतात. मला हसू येत नाही.

केशरबाईचं मात्र मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा आल्या नसत्या.

मी सनद घेतली सदुसष्ट साली. वडील पोस्टात. माझं लहानपण अमळनेरला गेलं आणि छप्पन साली त्यांची सुरतेला बदली झाली. पुढे राज्यं वेगळी झाली, आम्ही इथेच राहिलो. त्यामुळे माझ्या तोंडात तीन भाषा. घरात पुस्तकी मराठी, शाळेत गुजराती आणि गल्लीत खेळता खेळता उचललेली अहिराणी. आई त्या अहिराणीवर चिडायची. "शकुंतला, ते गावंढळ बोलणं बंद कर," म्हणायची. त्याच बोलण्यावर पुढे माझं पोट चाललं.

माझे सीनियर चंद्रकांत मुजुमदार. मूळचे बडोद्याचे मराठी, पण सुरतेत सगळ्यांचे चंद्रकांतभाई. त्यांनी मला ठेवून घेतलं ते काही माझी हुशारी बघून नव्हे. "बायकांच्या भानगडी ऐकायला मला वेळ नाही. तू ऐक आणि मला दहा ओळींत लिहून दे," हे त्यांचं पहिलं वाक्य. पाच वर्षं मी तेच केलं. अर्ज लिहिले, सह्या-अंगठे घेतले, समन्स घेऊन जाणाऱ्या बेलिफाच्या विनवण्या केल्या, नकलांसाठी खिडकीवर उभी राहिले. बाररूममधले पुरुष मला बघून खुर्ची सरकवायचे आणि बोलणं थांबवायचे. मला त्यांचा असा राग यायचा! एकदा तरी यांच्या नाकावर टिच्चून मोठा दावा जिंकायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे केलं ते मी कोणाच्या भल्यासाठी केलं असं कोणी म्हणायला नको.

बहात्तर साली पावसाळा संपता संपता केशरबाई आली. सुरतेजवळच्या उधन्याला कापड कारखान्यात मागावरच्या कांड्या भरायची. तिशीची असेल. अंगानं काटक, डावं मनगट जरा वाकडं. बरोबर आठ वर्षांचा मुलगा, दिलीप, तिसरीतला. त्यानं माझ्या टेबलावरचा कॅलेंडरचा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. आईनं त्याला गप्प केलं नाही, उलट माझ्याकडे बघितलं. ऐकलंत ना, असं.

तिचा नवरा उखा. तोही उधन्याच्याच कारखान्यात. त्यानं वर्षापूर्वी दुसरी बाई आणली आणि हिला बाहेर काढलं. पोराला घेऊन ती डिंडोलीला एका खोलीत राहायला लागली. उखानं तिकडे ढुंकून पाहिलं नाही. मग नव्या बाईला मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि याला एकदम आपला मुलगा आठवला. त्यानं जिल्हा कोर्टात अर्ज टाकला: मी बाप, मी पालक, मुलगा माझ्या ताब्यात द्या.

"बाई, पोऱ्या मन्हा शे," केशरबाई म्हणाली. "तो माले जोयजे. बाकी काहीच नको."

बाकी काहीच नको. हे शब्द मी दहा ओळींत पहिले लिहिले.

अडचण अशी होती की कायदा उखाच्या बाजूचा होता. लग्नाचा मुलगा पाच वर्षांच्या वर गेला की त्याचा पालक आधी बाप, मग आई. मुलाचं हित बघावं असंही लिहिलेलं आहे, नाही असं नाही. पण तेव्हाचे जज्जसाहेब जुन्या वळणाचे. मुलाचं हित बापाच्या घरात, यावर त्यांचा देवावर असावा तसा विश्वास. आधीचे असे तीन दावे त्यांनी तीन मिनिटांत बापांना देऊन टाकले होते. मी कागद घेऊन चंद्रकांतभाईंकडे गेले. ते चहा पीत होते. त्यांनी एकच विचारलं, "हिचं हे पहिलं लग्न का?"

मी तिला विचारलं. नव्हतं. तिचं पहिलं लग्न चौदाव्या वर्षी धुडकू नावाच्या माणसाशी झालेलं. धुडकू दारू न पिता मारायचा. मनगट त्यानंच मोडलं होतं. तेव्हा तिचे वडील दगाआप्पा पुढे झाले. ते जातीचे पंच. पारोळ्याकडच्या त्यांच्या गावात पाच पंच बसले, सगळ्यांसमोर काडी मोडली, नातं तुटलं. त्याला ते काडीमोड म्हणतात. मग उखाशी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावला. रीतीप्रमाणे उखानं पहिल्या नवऱ्याला भरपाई म्हणून एक गोऱ्हा दिला. सगळं पंचांसमोर, उजळ माथ्यानं. कागद मात्र एकही नाही. पंच बसले की कागद करत नाहीत, पंचांच्या शब्दावर कागद मागणं म्हणजे त्यांचा अपमान.

चंद्रकांतभाईंनी कप खाली ठेवला. "मग काडी मोडलीच नाही," ते म्हणाले. "समजलीस?"

मला समजलं, आणि खोटं कशाला बोलू, अंगावर आनंदाचे शहारे आले. कायदा जातीची रीत मानतो, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते. काडीमोड सिद्ध झाला नाही, तर पहिलं लग्न चालूच. पहिलं चालू म्हणजे दुसरं लग्न नव्हेच. लग्न नाही म्हणजे मुलगा अनौरस. आणि अनौरस मुलाचा पालक आधी आई, मग बाप! केशरबाईनं शपथेवर एवढंच म्हणायचं, की पंच बसलेच नाहीत, मी पहिला नवरा जिवंत असताना उखाबरोबर निघून आले.

मी तिला हे समजावून सांगितलं. "म्हणजे मी पळून आले म्हणायचं? पाटाची बायको नाही, ठेवलेली?"

"हो."

"आणि हा?"

"हा तुमचा. फक्त तुमचा. पोरगा हवाय ना?"

तिनं होकारार्थी मान हलवली. मग तिनं जे विचारलं ते माझ्या कानात अजून आहे. "दावा सरना का मंग दंड भरसू ना, बाई? शब्द मागे लेता यी ना?"

त्यांच्या पंचायतीत तशी सोय असते. माणूस अडचणीत खोटं बोलला, तर नंतर पंचांपुढे कबूल करतो, दंड भरतो, नारळ फोडतो, जातीला जेवण घालतो आणि शब्द धुऊन निघतो. पुन्हा कोणी तो विषय काढत नाही. तिला वाटलं कोर्टही तसंच. मला माहीत होतं की तिला तसं वाटतंय. कोर्टाचा शब्द दगडावर कोरलेला असतो, तो मागे घेता येत नाही, हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. सांगितलं असतं तर ती शपथ घ्यायला उभी राहिली नसती.

"बघू पुढचं पुढे," मी म्हणाले. "वडिलांना यातलं काही सांगू नका."

त्यानंतर महिनाभर मी तिला शिकवलं. साक्षीदार तयार करणं म्हणतात त्याला. ती मागावरून सुटली की यायची, हातांना सुताची कुसं चिकटलेली. मी वकील व्हायचे आणि विचारायचे, "तुमचा काडीमोड झाला होता?" पहिल्या दिवशी ती पटकन "हो" म्हणाली आणि जीभ चावली. आठव्या दिवशी "नाही" म्हणताना रडली. विसाव्या दिवशी तिनं "नाही साहेब, मी अशीच निघून आले" असं सरळ सांगितलं आणि मी तिच्या पाठीवर थाप मारली. शाब्बास म्हणाले! देवा रे, मी शाब्बास म्हणाले.

साक्षीच्या दिवशी तिनं सगळं तसंच्या तसं सांगितलं. उखा समोर बसला होता. तो ताडकन उठून ओरडला, "खोटं बोलतेय रांड!" जज्जसाहेबांनी त्याला खाली बसवलं आणि तो शब्दच जणू माझ्या बाजूचा पुरावा असल्यासारखे माझ्याकडे बघून मान हलवू लागले.

आता सिद्ध करायचं काम उखाचं. त्याच्या वकिलानं धुडकूच्या नावानं समन्स काढलं. पण धुडकू ऊसतोडीच्या टोळीबरोबर गावोगाव फिरायचा, तो सापडला नाही. पाच पंचांपैकी चार मेलेले. राहिला एक, खुद्द दगाआप्पा. उखानं समन्स काढून त्यांनाच साक्षीला बोलावलं.

म्हातारा आला, तो नवा फेटा बांधून. पंचाला सरकारनं बोलावलंय, ही काय लहान गोष्ट! लेकीच्या विरुद्ध साक्ष द्यायला आपण आलोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना वाटत होतं, जावई पोरीला ठेवलेली म्हणतोय आणि आपण खरं सांगून तिची अब्रू राखायला आलोय. पिंजऱ्यात उभे राहून त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "काडी मीच मोडेल शे, सायेब. कडुनिंबनी काडी. मन्ही पोर पाटनी बायको शे."

जज्जसाहेबांना अहिराणी कळेना. "शुं कहे छे?" त्यांनी मलाच विचारलं. मी गुजरातीत नीट सांगितलं. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. मला त्याची गरज नव्हती.

आदल्या दिवशी चंद्रकांतभाई म्हणाले होते, "घरगुती दाव्यात साक्षीदार घरचाच असतो. त्याच्यावर हात उचलायला जीव होत नाही. तिथेच नवे वकील हरतात." मी उठले. गल्लीतल्या अहिराणीत बोलले, आप्पा म्हणाले, बसायला स्टूल द्यायला लावलं. म्हातारा खूश झाला.

"आप्पा, पंच बसले ती तारीख?"

"आखाजी झाल्यावर." म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर.

"कुठलं साल?"

त्यांना साल सांगता येईना. धाकट्या भावाचं लग्न झालं ते साल, म्हणाले. लिहून ठेवलंय का? पंचाला लिहिणं कशाला लागतं? बाकीचे पंच? मेले. उखानं भरपाई काय दिली? गोऱ्हा. गोऱ्हा कोणाला द्यायचा होता? धुडकूला. मग उखानं तो आणून कोणाच्या दावणीला बांधला?

"मन्हा," दगाआप्पा म्हणाले. "धुडकू गावात नव्हता म्हणून पंधरा दिवस माझ्याकडे."

"पंधरा दिवस तुमच्या दावणीला. आणि मुलगी कधी पाठवली उखाकडे?"

"त्याच आठवड्यात."

"म्हणजे जनावर तुमच्या गोठ्यात आलं आणि मुलगी उखाच्या घरात गेली. पंच कुठले आणि काडी कुठली, आप्पा? तुम्ही लेक विकलीत."

हे मी मुद्दाम अहिराणीत म्हणाले आणि मग गुजरातीत. गोऱ्ह्याची गोष्ट मला केशरबाईनंच विश्वासानं सांगितली होती. ती माझ्या मागे बाकावर बसली होती. मी वळून पाहिलं नाही. म्हातारा नुसता "नही माय, तसं नही माय," म्हणत राहिला आणि जज्जसाहेब लिहीत राहिले.

बाहेर आल्यावर आप्पा माझ्याजवळ आले. कपाळावर घाम. मी लेकीची वकील, एवढंच त्यांना कळलेलं. मी विचारलं ते त्यांच्या बाजूचंच असणार, शहराची रीत वेगळी असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली असावी. "मी नीट सांगं ना, माय?" त्यांनी विचारलं.

"अगदी नीट सांगितलंत, आप्पा," मी म्हणाले.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये निकाल लागला. काडीमोड सिद्ध नाही. केशरबाई कायद्यानं धुडकूची बायको. उखाशी लग्न झालेलंच नाही, मुलगा अनौरस, ताबा आईकडे. बाररूममध्ये त्या दिवशी पहिल्यांदा एका पुरुषानं उठून मला खुर्ची दिली. चंद्रकांतभाईंनी पेढे मागवले. केशरबाईनं दिलीपला असं छातीशी धरलं की तो गुदमरून ओरडला. आठवड्याभरात माझ्या दारात बायकांची रांग लागली.

मे महिन्यात केशरबाई पुन्हा आली. हातात नारळ, गुळाची ढेप आणि कोरं धोतर.

"दंड आणला," ती म्हणाली. "आता जज्जसाहेबांकडून शब्द मागे घ्यायचा."

मी तिला बसवलं. काय झालं ते तिच्याकडून काढून घेतलं, तारखांसकट. निकालाची नक्कल उखानं सूड म्हणून गावाला पाठवली होती. शाळामास्तरांनी ती चावडीवर वाचली. पंचाची लेक शपथेवर म्हणते की पंच बसलेच नाहीत, आणि कोर्ट म्हणतं की पंचानं लेक विकली. जातीनं दगाआप्पांना पंचातून काढलं, हुक्का-पाणी बंद केलं. धाकट्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. म्हातारा घराबाहेर पडेना. केशरबाई नव्या पंचांपुढे गेली, म्हणाली मी खोटं बोलले, दंड घ्या. पंच म्हणाले, कागद बदलून आण. कोर्टाच्या कागदापुढे आमचा दंड काय करणार?

"कागद बदलत नाही, केशरबाई," मी म्हणाले.

"पण मी खोटं बोलनू ना. मी सांगसू साहेबांना."

"सांगितलंत तर खोट्या शपथेसाठी तुरुंगात जाल. आणि काडीमोड खरा ठरला की उखा खरा नवरा ठरतो. दुसऱ्या दिवशी दिलीपला घेऊन जाईल."

तिनं नारळ मांडीवर घेतला. मला वाटलं ती मला शिव्या देईल. मी वाट बघत होते शिव्यांची. ती म्हणाली, "तुम्हाला हे आधी माहीत होतं?"

मी चिडले. होय, तिच्यावरच चिडले! "पोरगा हवा होता ना? मिळाला ना? मग आता माझ्या डोक्यावर का बसता?" असं काहीतरी बोलले. तिनं सामान उचललं आणि गेली. चंद्रकांतभाईंना सांगितलं, तर ते म्हणाले, "जिंकलीस ना? फाईल बंद कर."

पुढचं मला डिंडोलीच्या तिच्या शेजारणीनं सांगितलं. दिवाळीच्या सुमाराला धुडकू उगवला. तीच नक्कल त्याच्याही हातात पडली होती. त्याला बायकोची माया आली होती असं नाही. ऊसतोडीला मुकादम एकटा माणूस घेत नाही, नवरा-बायकोची जोडी घेतो. त्या जोडीला कोयता म्हणतात. धुडकूचा कोयता अर्धा होता आणि कोर्टानं त्याला बायको दिली होती. तो पंचांकडे गेला. पंचांनी तोड काढली: केशरबाईनं कोर्टात कबूल केल्याप्रमाणे पहिल्या नवऱ्याच्या घरी परत जावं, हाच तिचा दंड. मग बापाला जातीत घेऊ, पोराला धुडकूचं नाव लागेल, त्याला कोणी अनौरस म्हणणार नाही. केशरबाई पोराला घेऊन गेली; धुडकूची टोळी चलथाणच्या साखर कारखान्याच्या उसावर होती.

मी चलथाणच्या बसमध्ये बसले. का गेले विचारू नका. कारखान्याच्या रस्त्यानं चालत, विचारत विचारत टोळी गाठली. दुपारचं ऊन. केशरबाई मोळी बांधत होती, डोक्याला फडकं, गालावर पात्यांचे ओरखडे, एक डोळा सुजून मिटलेला. धुडकू पुढे तोडत होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कोयता चालवला. दिलीप वाढं, उसाच्या शेंड्यांचा पाला, गोळा करून डोक्यावर घेऊन गाडीकडे नेत होता. मी हाक मारली, त्यानं ओळखलं नाही.

"शाळा?" मी विचारलं.

केशरबाईनं मानेनंच नाही म्हटलं.

"चला माझ्याबरोबर," मी म्हणाले. "आत्ता. या माणसाविरुद्ध मी दावा लावते. मारहाणीचा, वेगळं राहण्याचा, कशाचाही लावते. पैसा नको मला."

"त्या दाव्यात काय सांगणं पडी?"

काय सांगायला लावणार होते मी तिला? आप्पा पुन्हा जातीत बसले होते, धाकटीचं लग्न ठरलं होतं. तिनं पुन्हा कोर्टात तोंड उघडलं की ते सगळं पुन्हा मोडणार होतं. आणि आता बाप म्हणून पोरावर हक्क सांगायला एकाच्या जागी दोघं उभे राहिले असते.

तिकडून धुडकूनं हाक मारली. तिनं मोळी उचलून डोक्यावर घेतली, मान सावरली. जाता जाता माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच विचारायचं होतं, वकिलाला विचारतात तसं.

"पोऱ्या मन्हाजोडे शे ना, बाई? कायद्यानं?"

"हो," मी म्हणाले. "कायद्यानं तुमच्याकडेच आहे."